फाईल आणा, मग बोलू

परवा कॅन्सर पेशंटना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेत नवीन आलेल्या मुलीने विचारलं, ताई तुम्ही या कामात कशा आलात, आणि मी नेहमीसारखं "आले कशीतरी" म्हणून चहा मागवला. रात्री मात्र झोप येईना. कशीतरी म्हणजे कशी? ट्रस्टला आता एकोणीस वर्षं झाली, त्याआधी सहा लॅबमध्ये गेली, मधली दोन बिनपगारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. म्हटलं एकदा लिहूनच काढू. लांबेल, आधीच सांगते.

एमएस्सी झाल्यावर १९९८ साली एका लॅबमध्ये जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणून लागले. काम ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर, एमसीएफ-७ नावाच्या. ३७ डिग्रीचा इन्क्युबेटर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी मीडियम म्हणजे पेशींचं खाद्य, एक दिवसाआड फ्लास्क बघायचे आणि पावसाळ्यात फंगस आली की आठवड्याचं काम सिंकमध्ये ओतायचं. पुण्यात ज्याने सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम, केलंय त्याला जुलै महिना म्हणजे काय ते विचारा. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस, तिथून देशभरातल्या लॅबना अशा पेशी जातात, आमच्याकडेही तिथूनच आलेल्या. तीन वर्षं मी त्या वाढवल्या, मोजल्या, मारल्या, आणि त्या कुणा बाईच्या आहेत हे डोक्यात सुद्धा आलं नाही. मग कुठल्यातरी जर्नलमध्ये वाचलं की १९७० साली अमेरिकेत एका ननच्या छातीत साचलेल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या, एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन. ती बाई त्याच वर्षी गेली आणि पेशी अजून वाढतायत. त्या दिवशी फ्लास्क हातात घेताना कसंतरीच झालं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी परत सवय झाली.

खरी गडबड झाली ती थर्माकोलच्या डब्यामुळे. आमच्या प्रोजेक्टला पेशंटच्या गाठीचे ताजे तुकडे लागायचे, ते आणायचं काम सगळ्यात ज्युनियर म्हणून माझ्याकडे. स्कूटीच्या पुढच्या जागेत बर्फाचा डबा ठेवून मी ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलला जायचे, आणि आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन संमतीपत्रावर सही घ्यायची. संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. आज रिसर्चला परवानगी देणारी कुठली एथिक्स कमिटी ते पास करणार नाही, तेव्हा चाललं. मी खाटेपाशी उभी राहून मराठीत भराभरा सांगायचे आणि बायका सही करायच्या, बऱ्याचदा अंगठा.

शिरूरकडच्या एक मावशी होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सही करते बाई, पण आधी सुई टाकून पाणी काढलंय त्याचा कागद कुठं मिळतो तेवढं बघून द्या. चार दिस झाले, ह्यो म्हणतो तिकडं जा, त्यो म्हणतो हिकडं या."

मी गेले. रिपोर्ट ट्रेमध्येच पडला होता, आडनावात एक अक्षर चुकलेलं म्हणून कुणी जुळवलाच नव्हता. दहा मिनिटांचं काम. मावशींनी तो कागद हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी सरळ धरून बघितला, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बाकीच्या कागदांच्या मधोमध ठेवला. मग माझ्या चार पानांवर सही केली. मला वाटतं माझ्या सहा वर्षांच्या रिसर्चमधली ती एकच संमती अशी होती की जिच्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलं गेलं.

त्यानंतर माझी खोडच झाली. तुकडा आणायला जायचं आणि दोन तास वॉर्डात फाईली लावत बसायचं. कुणाची सोनोग्राफी वर, कुणाचं डिस्चार्ज कार्ड घरी, कुणाचा रेशनकार्डाचा झेरॉक्स बायोप्सीच्या रिपोर्टला टाचलेला. आमचे गाईड सर एकदा वैतागून म्हणाले, तू रिसर्च करायला आलीस का पोस्टमन व्हायला? चुकीचं काहीच नव्हतं त्यात, डब्यातला बर्फ वितळायचा ना. २००४ ला पीएचडी अर्धवट सोडली. आमचे बाबा सदाशिव पेठेतले, त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त पुढची पाच-सहा वर्षं कुणी विचारलं की "ती सध्या समाजसेवा करते" असं म्हणायचे, त्यातला "सध्या" तुम्ही ऐकायला हवा होता.

मग दोन वर्षं एका हॉस्पिटलच्या सोशल वर्कर बाईंच्या हाताखाली होते. जे काही येतं ते त्यांनी शिकवलं. पहिला नियम, पेशंटला "काय त्रास होतो" विचारायचं नाही, ते डॉक्टर विचारतात. आपण विचारायचं "आलात कशाने, राहिलात कुठे, जेवलात का आणि फाईल कुठाय". या चार प्रश्नांत निम्मी ट्रीटमेंट कळते. बार्शीहून रात्रीच्या एसटीने येऊन स्टँडवर तोंड धुऊन आठला लाईनमध्ये उभा राहिलेला माणूस किमोच्या पाचव्या सायकलला का आला नाही, याचं उत्तर केस पेपरवर कुठेच नसतं. दुसरा नियम, घरच्यांनी "त्यांना सांगू नका हां, नुसती गाठ आहे असंच सांगितलंय" म्हटलं की भांडायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. लाईट म्हणजे रेडिएशन घ्यायला महिनाभर रोज त्या मशीनखाली झोपणाऱ्या माणसाला कळत नाही होय, दारावर पाटी केवढी मोठी असते. एका आजोबांनी मला हळूच सांगितलं होतं, "मला कॅन्सर आहे ते पोरांना कळू देऊ नका, ते घाबरतील." घ्या.

२००६ ला ट्रस्ट केला. विश्वस्त म्हणजे मामा, त्या सोशल वर्कर बाई, एक रिटायर्ड बँकवाले काका, एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम आणि मी. ट्रस्टडीड, मिनिटबुक, जागेचं ना हरकत पत्र, मग आयकरचं बारा-ए, म्हणजे संस्थेला करमाफी, मग ऐंशी-जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत. आता तर ती दोन्ही ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागतात, आणि २०२१ पासून सीएसआर-१ नंबर नसेल तर कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, पैसा घेताच येत नाही. लोकांना वाटतं एनजीओ चालवणं म्हणजे पेशंटचा हात हातात घेऊन बसणं. माझा निम्मा वेळ सीएच्या ऑफिसात गेलाय.

आता बरणीची गोष्ट सांगते, कारण कुणी मला "लॅबमधली वर्षं वाया गेली ना" म्हटलं की मी हीच सांगते.

२००८ चा मे महिना. इंदापूरकडच्या एका साठीच्या काकूंचं गावाजवळच्या छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि काढलेली गाठ तपासायला म्हणून त्यांचा मुलगा स्वतः एसटीने पुण्याला घेऊन आला. लोणच्याच्या बरणीत. हसू नका, सर्रास व्हायचं हे, अजूनही अधूनमधून होतं. बरणीच्या तळाशी दोन बोटं फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा खराब होऊ नये म्हणून घालतात ते द्रावण, आणि वर गोळा अर्धा कोरडा. काढली कधी तर काल दुपारी. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह.

हे काय असतं ते थोडक्यात. काही ब्रेस्ट कॅन्सर बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसले जातात. गाठीच्या पेशींवर त्या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर आहेत का ते बघायची टेस्ट म्हणजे ईआर-पीआर. पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी वर्षानुवर्षं घेता येते, रोज एक, घरी बसून, आणि कॅन्सर परत यायची शक्यता बरीच कमी होते. निगेटिव्ह असेल तर त्या गोळीचा उपयोग नाही. माझ्या त्या एमसीएफ-७ पेशी म्हणजे ईआर पॉझिटिव्हच, टॅमॉक्सिफेन कसं चालतं हे समजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ही टेस्ट कशाने बिघडते ते मला झोपेतसुद्धा माहिती होतं. तुकडा काढल्यावर लगेच त्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, मोठी गाठ असेल तर कापून, म्हणजे आतपर्यंत पोचेल, आणि त्यात सहा तासांपेक्षा कमी नाही, बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही. नाहीतर रिसेप्टर असूनही टेस्टमध्ये न दिसण्याची भीती असते.

मी डॉक्टर नाही. त्यामुळे "रिपोर्ट चुकलाय" असं म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले आणि फक्त बरणीची हकिकत सांगितली. त्यांनी स्लाईड मागवून बघितल्या आणि म्हणाल्या, अगं हिच्या गाठीशेजारच्या दुधाच्या नॉर्मल नळ्यासुद्धा रंगलेल्या नाहीत. नॉर्मल नळ्यांना थोडा तरी रंग यायलाच हवा, नाही आला म्हणजे टेस्टच चाललेली नाही. रिपोर्ट निगेटिव्ह नव्हताच, बादच होता. मग आधी जो छोटा तुकडा काढून तपासला होता त्याचा ब्लॉक शोधा. ब्लॉक म्हणजे मेणाच्या वडीत बसवलेला तुकडा, पेशंटने मागितला की लॅब देते, पण मागायचा असतो हेच कुणाला माहिती नसतं. मुलगा परत गेला, दोन चकरा मारल्या, शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळून घेऊन आला. त्यावर टेस्ट केली तर ईआर ठसठशीत पॉझिटिव्ह. काकूंनी पाच वर्षं गोळी घेतली. त्यांनी एकदा हुरडा पाठवला होता, ऑफिसात तीन दिवस पुरला.

त्यातून आम्ही आमचं पहिलं "संशोधन" केलं, मोठा शब्द आहे, पण केलं. दोन हॉस्पिटलांच्या परवानगीने आणि एथिक्स कमिटीची रीतसर संमती घेऊन पॅथॉलॉजीला येणारे फॉर्म बघितले, तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकला हे लिहिलंय का एवढंच. बहुतेक ठिकाणी तो रकाना कोरा, कित्येक फॉर्मवर रकानाच नव्हता. मग आम्ही पिवळे स्टिकर छापून घेतले, दोनच ओळी, दोन वेळा लिहायच्या, आणि खाली चित्र, बरणी किती भरायची ते. अप्पा बळवंत चौकाजवळ छापले, सगळा मिळून खर्च एका लंच मीटिंगएवढा. छोट्या हॉस्पिटलांना फुकट वाटले. काहींनी लावले, काहींनी ड्रॉवरमध्ये टाकले. एका कॉन्फरन्सला पोस्टर केलं, समोरून माणसं चहाकडे जात होती, तीनच थांबली. पण त्यातल्या एका सर्जननी उभ्या उभ्या शंभर मागून घेतले.

मधे बार्शीला जाऊन आले त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याने माझं डोकं फिरवलं. आपल्याकडे लोक कॅन्सर रिसर्च म्हटलं की अमेरिका नाहीतर टाटा एवढंच धरतात. टाटा मेमोरियल १९४१ चं, परळचं, ते आहेच. पण बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री आहे, म्हणजे त्या भागात कुणाला कुठला कॅन्सर झाला याची नोंद, देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री. शहरातली रजिस्ट्री हॉस्पिटलच्या नोंदी गोळा करते, पण बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत तेव्हा नोंदी करणार कोण? म्हणून त्यांची माणसं गावोगाव फिरायची, पारावर बसायची, अंगावरून जास्त जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का असं विचारायची आणि असेल त्याला हॉस्पिटलपर्यंत आणायची. नोंद करायला गेलेल्या माणसांनी बोलता बोलता जी माहिती दिली त्याने बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लवकरच्या स्टेजला यायला लागल्या, आणि हे त्यांनी मोजून १९९५ ला छापलं. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. एका गटाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे तो कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केली आणि आठ वर्षं लक्ष ठेवलं, तर टेस्ट न केलेल्या गटापेक्षा त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ ला न्यू इंग्लंड जर्नल या मोठ्या वैद्यकीय मासिकात आलंय. जगभरचे लोक आज एचपीव्ही टेस्ट करा म्हणून सांगतात त्याच्यामागे परांड्याच्या आसपासच्या आपल्या बायका आहेत, आणि त्यातल्या कितीजणींना हे कुणी सांगितलं असेल?

तिथून आल्यावर मी आमच्या संमतीपत्रांच्या मागे लागले. नव्या औषधाच्या ट्रायलच्या संमतीपत्राचं मराठी भाषांतर वाचलंय का कधी? "यादृच्छिक पद्धतीने नियुक्ती". मी मराठी माध्यमातली, मला दोनदा वाचावं लागलं. आम्ही लिहिलं, "तुम्हाला कुठलं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल." एथिक्स कमिटीतल्या एका सरांना चिठ्ठ्या हा शब्द पोरकट वाटला. बाहेरून येणाऱ्या सभासद बाई, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, त्या म्हणाल्या मला तर आत्ता पहिल्यांदा कळलं. झालं पास.

"लॉस्ट टू फॉलोअप" हा अजून एक शब्द, याच्यावर माझा खास राग. रिसर्चच्या पेपरमध्ये कंसात एक आकडा असतो, इतके पेशंट परत आले नाहीत म्हणून, आणि गाडी पुढे जाते. आम्ही २०११ पासून दर तीन महिन्यांनी फोन करतो, रजिस्टर आहे, आता एक्सेल आहे पण रजिस्टर मी बंद करू दिलेलं नाही. हरवलेला पेशंट बहुतेकदा हरवलेला नसतोच. नंबर पुतण्याचा असतो आणि पुतण्याने सिम बदललेलं असतं. ऊस तोडायला टोळी गेलेली असते. लेकीचं लग्न असतं, "लग्न झालं की येते". एकदा एका घरी फोन लागला तर समोरून, "आई गेली ना दिवाळीत, तुमचा फोन येईल म्हणत होती." हॉस्पिटलच्या पेपरवर ती अजून लॉस्टच होती. आम्ही कळवून दुरुस्त करून घेतलं.

पैशाचं फार लिहीत नाही. पूर्वी सगळी वर्गणी, नंतर राज्याची जीवनदायी योजना आली, पहिल्या टप्प्यात सोलापूर होतं आणि पुणे नव्हतं, त्यामुळे वर्षभर आम्ही सोलापूरच्या रेशनकार्डवाल्यांना जागेवर मंजुरी मिळताना बघायचो आणि पुण्याच्यांसाठी चेक मागत फिरायचो. आता ती महात्मा फुले योजना. धर्मादाय हॉस्पिटलात दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी असतात हेही पेशंटला आम्हीच सांगतो, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा म्हणून. कंपन्यांचं वेगळंच. एका मोठ्या कंपनीने दोनशे विग दिले, फोटो काढला. मी घेतले, ही माझी चूक, कारण तेव्हा आम्हाला हवं होतं एसटीचं भाडं, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. निम्मे विग अजून माळ्यावर आहेत. आमच्या बायका पदर घेतात किंवा स्कार्फ बांधतात, विगने डोक्याला घाम येतो म्हणतात. त्यापेक्षा एका शिंपीणबाईंनी सुती कापडाच्या, आत मोहरी भरलेल्या, ब्रेस्ट काढलेल्या बायकांसाठीच्या गाद्या शिवून दिल्या होत्या, वजनाला बरोबर, त्या पंधरा दिवसांत संपल्या.

२०२० च्या लॉकडाऊनबद्दल एकच सांगते. मार्चच्या शेवटी एसटी बंद, आणि आमच्या यादीत गोळ्या चालू असलेल्या बायका पाच जिल्ह्यांत. दूधवाल्या टेम्पोने, पोलिसांच्या गाडीने, एकदा तर कांद्याच्या ट्रकने टॅमॉक्सिफेन पाठवलंय. पत्ता कसा लिहायचा, तर "मारुतीच्या देवळासमोर, अमक्याची सून". सगळी पाकिटं पोचली, एक सोडून. त्या एकीचा नवरा नऊ दिवसांनी सायकलवर आला, चाळीस किलोमीटर. त्याला मी फार बोलले, एवढ्या उन्हात का आलास म्हणून, आणि मग आत जाऊन रडले.

आता तब्येतीमुळे मी थोडं थोडं सोडतेय. अध्यक्षपद गेल्या वर्षी पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या विद्यार्थिनीकडे दिलं, हुशार आहे, माझ्यापेक्षा पेशन्स जास्त. नवीन मुलीला पहिल्या दिवशी मी एक पिशवी दिली, जशी आली तशी, आणि म्हटलं लाव. तारखेप्रमाणे, वर बायोप्सी, मग ऑपरेशन, मग किमोचे कागद, शेवटी बिलं. तिने दीड तास घेतला आणि मग म्हणाली, ताई हर-टू या प्रोटीनचा रिपोर्ट टू प्लस आहे, धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही, म्हणजे पुढे नक्की करायला फिश टेस्ट करायला हवी होती ना, तो कागदच नाहीये. मी म्हटलं, मग फोन लाव. तिने लावला, पेशंटचा मुलगा म्हणाला, ती टेस्ट लिहून दिली होती पण महाग म्हणून राहिली. उद्या ते येतायत.

विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो. आम्ही वेळेत दिला, पण २०१५ चा आमचाच एक जुना चेंज रिपोर्ट ठरावाची प्रत नसल्यामुळे लटकलेला निघाला, तो निकाली निघाल्याशिवाय हा पुढे सरकत नाही. म्हणजे कागदोपत्री अध्यक्ष अजून मीच. गुरुवारी तारीख आहे. मिनिटबुकाचं ते पान काल दिवसभर शोधलं, शेवटी मामांच्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला टाचलेलं.